पळसाचा केशरी

फाल्गुनात पळस टिपायला निघालेल्यांना लाल चॅनल छळतोच. पळसाच्या पाकळीवरून निळा प्रकाश जवळजवळ परतत नाही, हिरवा थोडा, लाल मात्र भरभरून. मीटर सगळ्याची सरासरी काढून एक्स्पोजर बरोबर म्हणतो, साधा हिस्टोग्रामही मान डोलावतो. घरी फाइल उघडावी तर पाकळीवरची बारीक लव नाहीशी झालेली असते आणि तिच्या जागी सपाट केशरी डाग. म्हणून मी तिन्ही चॅनल वेगळे पाहतो आणि एक्स्पोजर स्टॉपभर उतरवतो. मग फुलाच्या बुडाचा काळपट पेला अंधारात बुडतो. त्यालाही मखमल आहे. पाकळीची मखमल वाचवली की पेल्याची जाते. या दोन मखमलींच्या मधे मी अडकलो, तो वेल्व्हिया 50 च्या स्लाइड फिल्मपासून. सेन्सर आला, तिढा तोच राहिला.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात दहिसर नदीच्या काठाने शिलोंड्याची पायवाट जाते. मार्चमध्ये नदी खडकांतल्या डोहांपुरती उरते. पानगळीने रान उघडं पडतं आणि पळसामागे नुसतं आकाश येतं. यंदा तिथे गेलो तो दोन वेगळे डोळे घेऊन. हिवाळ्यात उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डावा अजून जुनाच आहे.

फुललेल्या फांदीखाली उभा राहून आळीपाळीने डोळे मिटले. केशरी फारसा बदलला नव्हता. निळा त्या रंगात मुळातच नसतो, तर डोळ्यातला पिवळेपणा त्याच्यातलं काय काढून घेणार? बदललं ते भोवतालचं सगळं. उजव्या डोळ्याला आकाश निळं दिसलं, डाव्याला साईसारखं. खडकांच्या सावलीत निळसर झाक आली. पेल्याचा काळा खरा काळा झाला. आणि त्या निळ्याशेजारी तोच केशरी पेटल्यासारखा दिसू लागला.

सोबत माझ्याकडे शिकणारी मुलगी होती. तिने विचारलं, "सर, आता प्रिंट कुठल्या डोळ्याने तपासणार?"

या प्रश्नाने मला अजून सोडलेलं नाही. डोळ्यावरचा पिवळेपणा झाडाला लागतो तसा प्रिंटलाही लागतो, म्हणजे हिशेब जुळायला हवा. जुळत नाही, आणि त्याचं एक कारण कागदात आहे. पांढरेपणासाठी रसायन मिसळलेला कागद अतिनील प्रकाश घेऊन निळा परत देतो. डाव्या डोळ्याला तो नुसता पांढरा दिसतो. उजव्याला त्याची निळी चमक टोचते आणि केशरीची कड थंड पडते. आता मी असं रसायन नसलेला सुती कागद वापरतो. तो महाग आहे, पण दोन्ही डोळ्यांचं भांडण त्याच्यावर थोडं शमतं.

हल्ली पाहावं तिथे पळस पिवळसर विस्तवासारखा भडकवलेला असतो. सॅच्युरेशन ताणलं की आधी लव मरते, आणि लव गेली की ते पळसाचं फूल राहत नाही. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून शिंजीर फांदीवर बोलावणाऱ्यांबद्दल तर मला चीड आहे. मधासाठी आलेल्या पक्ष्याला आपल्या चित्रासाठी फसवायचं कशाला? झाडाखाली शांत बसलं, तर साळुंक्या, पोपट, शिंजीर आपसूक येतात.

लोक माझा पळस लांबून ओळखतात, असं म्हणतात. ते ऐकायला मला फार आवडतं. प्रदर्शनात मी स्वतःच्याच प्रिंटजवळ रेंगाळतो, कुणीतरी पुन्हा तसं म्हणावं म्हणून.

डाव्या डोळ्याची घाई नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी पळस झडून गेल्यानंतरची तारीख मागून घेतली. तो डोळाही उजळला की जुना पळस मला पुन्हा कधी दिसणार नाही. ज्या केशरीवर माझं नाव झालं, त्याचा शेवटचा साक्षीदार जाईल. त्याआधी दोन्ही डोळ्यांना पटेल अशी एक प्रिंट मला काढायची आहे. यात कलेचा ध्यास किती आणि नावाचा मोह किती, याची वाटणी मला करता येत नाही. तारीख मात्र मी अलीकडे आणणार नाही.