हौदावरचा फेस

कोकणात मृगाच्या सरी सुरू झाल्या की न्हाणीघराच्या भिंतीवर एक बेडूक येऊन चिकटतो. लांब पाय, टपोरे डोळे, बोटांच्या टोकांना गोल गाद्या. हा झाडबेडूक. नर जेमतेम दोन इंचांचा, मादी त्याहून मोठी.

चुन्याच्या भिंतीवर तो फिकट पांढुरका दिसतो, ओल्या खोडावर गडद तपकिरी. म्हणूनच जुन्या इंग्रज अभ्यासकांनी त्याला चुनाम बेडूक म्हटले. कातडीच्या पेशींतले रंगकण पसरले की तो गडद होतो, एकवटले की फिकट. रंग बदलणाऱ्या माणसाला आपण उर्दूत गिरगिट म्हणतो, मराठीत सरडा. हा बिचारा मात्र साप-पक्ष्यांच्या नजरेतून वाचण्यासाठी रंग बदलतो. तो चावत नाही, डंख मारत नाही. कातडीतूनच पाणी शोषतो, म्हणून त्याच्यावर फिनाईल ओतू नका, एवढे मी माझ्या विद्यार्थिनींना दरवर्षी सांगते.

त्याची अंडी मात्र ओळखू येत नाहीत. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर किंवा कठड्यावर मादी एक द्रव सोडते आणि ताक घुसळावे तसा मागच्या पायांनी त्याचा फेस करते. अंडी त्या फेसातच असतात. वरचा थर वाळतो, आत ओल टिकते. काही दिवसांत फेस विरघळतो आणि पिल्ले थेट खालच्या पाण्यात पडतात. पुढे पाय फुटतात, शेपूट जिरते आणि साधारण दोन महिन्यांत इवले बेडूक झाडावर चढतात.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या हौदावर असाच फेस लागला. वजूचे पाणी नासेल म्हणून तरुण मुले ब्रश घेऊन निघाली. माझ्या वर्गातली एक मुलगी धावत मला सांगायला आली. मी मुअज्जिन चाचांना फेसात काय आहे ते समजावले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग मुलांना म्हणाले, "एका हकीमाने दवेसाठी बेडूक वापरण्याविषयी विचारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) बेडूक मारायला मनाई केली. अबू दाऊदमध्ये हदीस आहे. ब्रश ठेवा."

पण नमाज्यांना पाणीही पाक हवे. शेवटी फेसाखाली पाण्याची बादली टांगली. चौथ्या दिवशी तिच्यात काळपट ठिपके वळवळू लागले. मुलांनी बादली शेताच्या बांधाजवळच्या डबक्यात रिकामी केली आणि मग हौद घासून लख्ख केला.

यंदा हौदाशेजारी रिकामी बादली मुलांनी आधीच आणून ठेवली आहे.