गच्चीपर्यंतचं हेलिकॉप्टर

कोलाबा कॉजवे म्हणजे आपल्यासाठी काय? ऑक्सिडाइज्डचे कानातले, रस्त्यावरची घासाघीस आणि लिओपोल्डमधली बिअर. तिथल्या भिंतीतल्या गोळ्यांच्या खुणा पाहून झाल्या, की बहुतेक जण टॅक्सी पकडतात. या वीकेण्डला जरा पुढे चालत जा. कोलाबा मार्केटजवळच्या होर्मसजी स्ट्रीटवर नरिमन हाऊस आहे.

मी गेल्या शनिवारी गेले होते. गल्लीत शिरल्यावर पहिला प्रश्न पडला, इथे हेलिकॉप्टर आलंच कसं? एमआय-17च्या वरच्या पंख्याचा व्यास 21 मीटरहून जास्त आणि भरलेल्या हेलिकॉप्टरचं वजन 13 टनांपर्यंत. जुन्या इमारतीच्या गच्चीवर ते टेकवणं शक्यच नव्हतं. म्हणून 28 नोव्हेंबर 2008च्या सकाळी वैमानिकाने ते गच्चीच्या वर हवेतच थांबवून धरलं आणि एनएसजीचे कमांडो दोरावरून घसरत उतरले. याला म्हणतात स्लिदरिंग.

पण वरूनच का? साधं आहे. खालून जिना चढायचा तर वरून येणारी गोळी झेलतच चढावं लागतं. गच्ची हातात आली की उंचीचा फायदा आपल्याकडे येतो. त्यात प्रत्येकाचं काम ठरलेलं. वैमानिकाने हेलिकॉप्टर हलू द्यायचं नाही. आसपासच्या इमारतींमधल्या नेमबाजांनी खिडक्यांवर नजर ठेवायची. पहिल्यांदा उतरलेल्यांनी गच्ची सांभाळायची, म्हणजे मागचे सुखरूप उतरतील.

आता दुसरी बाजू. हेलिकॉप्टर गुपचूप येऊच शकत नाही, त्याचा आवाज आधी पोचतो. हवेत थांबलेलं असताना त्याच्याइतकं सोपं लक्ष्य नाही. त्या दिवशी तर सगळं टीव्हीवर लाइव्ह चाललं होतं. (अशा कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर 2015 पासून केबल टीव्हीच्या नियमांनी बंदी आहे.) आणि सगळ्यात मोठी मर्यादा म्हणजे गच्चीच्या खाली हेलिकॉप्टरचा काहीच उपयोग नाही. तिथून पुढे जिना, दार, खोली, पुन्हा जिना. सकाळी सुरू झालेली ही लढाई रात्रीपर्यंत चालली. हवालदार गजेंदर सिंग बिष्ट तिथेच शहीद झाले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. दोन्ही दहशतवादी मारले गेले. पण राबाय गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि आणखी चार ओलीस वाचले नाहीत.

त्यांचा जेमतेम दोन वर्षांचा मोशे मात्र वाचला. आदल्याच दिवशी, हेलिकॉप्टर यायच्या कितीतरी आधी, त्याला सांभाळणारी सॅण्ड्रा सॅम्युअल त्याला उचलून जिन्याने बाहेर पडली होती. तिच्याकडे ना दोर होता, ना बंदूक.

गेलात तर गल्लीत उभं राहून वर बघा. गच्ची अगदी जवळ वाटते. मग मजले मोजा. तेवढे उतरायला कमांडोंना अख्खा दिवस लागला होता.