नाग नदीच्या काठावरचा छोटा बगीचा

नागपूरला येणारा आपला बांधव स्टेशनवर उतरला की तडक दीक्षाभूमीची वाट धरतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तर माणसांची रीघ लागते. स्तूपाला वंदन होते, पुस्तके विकत घेतली जातात, लेकराबाळांना घेऊन फोटो काढले जातात आणि पावले परतीच्या गाडीकडे वळतात. परंतु 15 ऑक्टोबर 1956 च्या भाषणात बाबासाहेबांनी ज्या नदीचा उल्लेख केला, ती नाग नदी आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावून अनेकांनी ती ओलांडलेली असते. आपण नदी ओलांडली हे मात्र त्यांना ठाऊक नसते.

दीक्षेसाठी नागपूरच का निवडले, याचा खुलासा बाबासाहेबांनी त्या भाषणात केला होता. भारतात बौद्ध धम्माचा प्रसार नाग लोकांनी केला, त्यांची वस्ती या भागात होती, गावाला आणि नदीला नाव पडले ते त्यांच्यावरूनच, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रवाह नागासारखा वळणे घेत जातो म्हणून नाव नाग नदी, असेही शहरात सांगितले जाते. एक अर्थ पाण्याच्या वळणावरून काढलेला, दुसरा माणसांच्या इतिहासावरून. आपल्या समाजाला दुसरा अर्थ जवळचा वाटतो, कारण त्यात आपले पूर्वज आहेत.

आम्ही विहारातले चौघे कार्यकर्ते एका रविवारी या नदीच्या काठाने पायी निघालो. निमित्त होते आमच्या वस्तीतल्या एका छोट्या बगीच्याच्या नावाचे. पण बगीच्याला नदीचे नाव मागायचे, तर आधी नदी डोळ्यांनी पाहिली पाहिजे, असे सर्वांचे मत पडले.

नाग नदीचा उगम शहराच्या पश्चिमेला, वाडीच्या पुढे लाव्हा गावाकडच्या टेकड्यांत आहे. ते पाणी अंबाझरी तलावात येते. सन 1870 च्या सुमारास याच तलावाचे पाणी शहराला पुरवले जाऊ लागले. तलावाच्या सांडव्यापासून पुढे शहरातून नदीचा सुमारे सतरा-अठरा किलोमीटरचा प्रवास आहे. शंकरनगर, धंतोली, अशोक चौक, जगनाडे चौक असे करीत ती पूर्वेला पारडीकडे जाते. पुढे गोरेवाड्याकडून येणारी पिवळी नदी तिला मिळते आणि दोघी मिळून कन्हानला भेटतात.

अंबाझरीपाशी पाणी पाण्यासारखे दिसते. मैल-दीड मैल पुढे गेलो की रंग बदलतो. घराघरांतले सांडपाणी, प्लास्टिकच्या पिशव्या, जुन्या गाद्या, सारे तिच्या पोटात. दोन्ही बाजूंना भिंती. मोठ्या इमारती तिच्याकडे पाठ करून उभ्या आहेत. कोणाच्याही घराचे पुढचे दार नदीकडे उघडत नाही. एका पुलाजवळ चहा घेताना आम्ही टपरीवाल्याला विचारले, "भाऊ, ही कोणती नदी?" तो म्हणाला, "नदी कुठची भाऊ, नाला आहे हा." त्याचा काय दोष? तो जन्मापासून हेच ऐकत आला आहे.

पूर्वेकडे जावे तसतशी घरे लहान होत जातात आणि पाण्याच्या जवळ येतात. वरच्या भागातल्या लोकांनी नदीत टाकलेले सारे खालच्या भागातल्या लोकांच्या दारात येते. गावकुसाबाहेर राहणाऱ्या आपल्या माणसांना हा नियम नवीन नाही. पाण्याचा प्रश्न हा माणुसकीचा प्रश्न आहे हे महाडला 20 मार्च 1927 रोजी जगाने पाहिले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तर बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारणच रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेला वाद हे दिले आहे. ज्यांच्या इतिहासात नदी इतकी महत्त्वाची, त्यांच्या वस्तीतली नदी नाला म्हणून ओळखली जावी, हे मनाला लागते.

आता त्या बगीच्याविषयी. जागा फार नाही. दोन कडूनिंब, चार बाके, एक घसरगुंडी, एक मोडका झोपाळा. सायंकाळी मुले खेळतात, म्हातारी माणसे बसतात, परीक्षेच्या दिवसांत दिव्याखाली पोरे अभ्यास करतात. फलक नाही. कागदोपत्री 'नाल्यालगतचे उद्यान' एवढीच नोंद. लोक म्हणतात 'नाल्यावरचा बगीचा'. शाळेतल्या मुलाला पत्ता विचारला की तो मान खाली घालून म्हणतो, नाल्याजवळ राहतो. ही मान खाली जाणे आम्हाला सोसवेना, तेव्हा 'नागनदी उद्यान' असे नाव द्यावे, ही सूचना घेऊन आम्ही विहारात बैठक बोलावली.

बैठकीत चर्चा चांगली तापली. तरुण मंडळींचे म्हणणे पडले की नाव द्यायचे तर महापुरुषाचे द्यावे, नदीचे काय म्हणून? त्यांची भावना खरी होती. नामांतराचा अर्थ आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. मराठवाडा विद्यापीठाचा ठराव 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळात झाला आणि नाव मिळाले ते 14 जानेवारी 1994 रोजी. मधल्या सोळा वर्षांत घरे जळाली, माणसे गेली. पण एका ज्येष्ठ शिक्षिकेने विचारले, "जिथे कचऱ्याचे ढीग पडतात, त्या फलकावर तुम्ही बाबासाहेबांचे नाव लावणार काय? आधी जागा त्या नावाच्या लायकीची करा." सारे गप्प झाले.

एका उपासिका आजींनी वेगळाच मुद्दा काढला. सगळ्या नद्या समुद्राला मिळाल्या की त्यांची नावे उरत नाहीत, तसे संघात आल्यावर जाती उरत नाहीत, ही तथागतांची शिकवण आहे. मग नदीच्या नावाचा एवढा हट्ट कशाला? आजींचा प्रश्न मोलाचा होता. एम्प्रेस मिलमधून निवृत्त झालेल्या एका बाबांनी त्याला उत्तर दिले. ते म्हणाले, "आजी, समुद्रात नाव सोडायला आधी नाव असावं लागते. आपल्या नदीचं तर वाटेतच हिसकून घेतलं." लहानपणी आई याच नदीवर धुणे धुवायची आणि आपण तिथे पोहायचो, हेही त्यांनी सांगितले. पोरे त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिली.

खरी अडचण मांडली ती धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या एका काकूंनी. "नदी म्हटलं का रेष येते भाऊ. नाला हाये तवर आमी इथं हावो. उद्या नदी झाली का म्हनतीन, उठा, नदीची जागा खाली करा." त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. नद्यांना पूररेषा आखल्या जातात. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. नदी सुधारण्याच्या नावाने गरिबाचे छप्पर उडते आणि बड्याचा बंगला तसाच राहतो, असे अनेक शहरांत घडलेले आहे. नाग नदीच्या प्रदूषण निवारणासाठी सुमारे 1927 कोटी रुपयांची योजना मंजूर झाली आहे. एवढी मोठी रक्कम नदीवर खर्च होणार, तर काठावरच्या माणसाचे काय, हे विचारायलाच हवे.

पण नाला म्हटल्याने पूर थांबतो काय? 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी शहरात शिरली. माणसे दगावली, संसार चिखलात गेले. त्या रात्री नदीने आपले खरे नाव साऱ्या शहराला सांगितले. आम्ही कारकुनी करणारी माणसे, खतावणीत एका शब्दाने काय फरक पडतो हे आम्हाला कळते. नाला लिहिले की पावसाळ्यापूर्वी गाळ काढला आणि काम संपले. नदी लिहिले की तिचे उगमापासून संगमापर्यंत काय झाले, याचा हिशेब द्यावा लागतो. शेवटी काकूंच्याच सूचनेवरून अर्जात दोन मागण्या एकत्र घातल्या. पहिली, बगीच्याला नदीचे नाव. दुसरी, काठावरच्या कुटुंबांना मालकी हक्काचे पट्टे, आणि जिथे पुराचा धोका खराच आहे तिथे जवळच पक्के घर, तेही आधी घर आणि मग स्थलांतर. दुसऱ्या मागणीशिवाय पहिली मागायची नाही, असे ठरले. अर्जावर पहिली सही काकूंनी केली.

नावाची अशी लढाई जगात इतरत्रही चालते. अमेरिकेत सिॲटल शहरात डुवामिश नावाची नदी आहे. तिच्या काठी त्याच नावाची आदिवासी जमात पिढ्यानपिढ्या राहत आली. कारखाने आणि बंदरासाठी नदी सरळ केली गेली, पाणी विषारी झाले. तिच्या काठच्या उद्यानांना बंदराच्या हिशेबातली नावे होती, 'टर्मिनल 117' अशासारखी. सन 2020 मध्ये तिथल्या बंदर प्रशासनाने लोकांच्या सूचना मागवून सहा उद्यानांची नावे बदलली. त्यांतल्या एकाचे नाव आता 'डुवामिश नदीच्या लोकांचे उद्यान' अशा अर्थाचे आहे. सातासमुद्रापलीकडच्या त्या माणसांचे दुःख आणि आपले दुःख सारखेच आहे. नदीही नाव हरवून बसली आणि तिची माणसेही.

फलकावर काय लिहावे, यावरही विचार झाला. सन 1702 च्या सुमारास देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहाने नागपूर शहर वसवले, हे त्यावर असावे. आदिवासी बांधवांचा वाटा गाळून नदीचा इतिहास पुरा होणार नाही. आणि पवनीचा उल्लेख तर हवाच. नाग नदीचे पाणी कन्हानमधून वैनगंगेला जाते आणि वैनगंगा भंडारा जिल्ह्यातल्या पवनीवरून वाहते. तिथे 1969-70 च्या उत्खननात प्राचीन स्तूपांचे अवशेष सापडले. त्यांत मुचलिंद नागाचे शिल्प आहे आणि त्याच्या नावाचा लेखही कोरलेला आहे. संबोधीनंतर वादळपावसात ज्याने सात दिवस तथागतांवर फणा धरला, तो हा मुचलिंद. आमच्या वस्तीतले काळे पाणी ज्या गावावरून पुढे जाते, त्या गावात आपल्या पूर्वजांनी दगडात नागाचे नाव कोरून ठेवले आहे. मुलांना हे सांगितले तेव्हा एका मुलीने विचारले, "म्हणजे आपला कचरा पण तिथपर्यंत जातो का?" त्या दिवसापासून निदान बगीच्याच्या बाजूने कचरा टाकणाऱ्याला पोरेच हटकतात.

बगीच्याच्या नावाला सभागृहाचा ठराव लागतो. अर्ज दिला आहे, पाठपुरावा चालू आहे, ठराव अजून व्हायचा आहे. तोपर्यंत आम्ही थांबलेलो नाही. आज ज्या भूमीला साऱ्या जगातले बौद्ध वंदन करतात, तिला 1956 साली व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटचे मैदान म्हणत. तिथे लाखो लोकांनी धम्म स्वीकारला आणि लोकांच्याच तोंडी ती दीक्षाभूमी झाली. नाव आधी माणसांच्या तोंडी बसते, कागद मागून येतो. म्हणून वस्तीतल्या लग्नपत्रिकांवर पत्ता 'नागनदी उद्यानाजवळ' असा छापायला आम्ही सुरुवात केली आहे. पोस्टमनही तो पत्ता ओळखू लागला आहे.

वाचक बंधुभगिनींनो, पुढच्या वेळी दीक्षाभूमीवर याल तेव्हा तासभर काढून मुलांना नाग नदी दाखवा. ती घाण आहे म्हणून लपवू नका, ती घाण का झाली ते सांगा. आणि आपापल्या गावी परतल्यावर तुमच्या वस्तीजवळून वाहणाऱ्या नाल्याचे मूळ नाव घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यांना ते अजून आठवत असेल, तर आजच वहीत लिहून ठेवा.

जय भीम!