दुखणं कळलं पाहिजे

वृद्धाश्रमात गेलेला माणूस बहुधा शेवटपर्यंत तिथंच राहतो. पण त्या शेवटाची तयारी क्वचितच असते. रात्री धाप लागली की ॲम्ब्युलन्स, मग आयसीयू, नळ्या आणि काचेबाहेर ताटकळणारी मुलं. पॅलिएटिव्ह केअर ही वृद्धाश्रमाची रोजची सेवाच असावी, असं मला ठामपणे वाटतं. म्हणजे उपचार सोडून देणं नव्हे. वेदना, धाप, मळमळ, भीती यांवर वेळीच उपाय करणं. स्मृतिभ्रंश झालेली आजी ‘दुखतंय’ म्हणू शकत नाही. कूस बदलताना तिचं कण्हणं, कपाळावरच्या आठ्या, आवळलेल्या मुठी वाचाव्या लागतात, आणि या खुणा रोज अंग पुसणाऱ्या मावशींना डॉक्टरांच्या आधी दिसतात. त्यांना हे शिकवायला मोठी यंत्रणा लागत नाही.

तीव्र वेदनांवर दिल्या जाणाऱ्या मॉर्फिनचं व्यसन लागेल, मरण लवकर येईल, ही शंका नेहमी निघते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य मात्रेत दिलं तर ही भीती फारशी उरत नाही. अमली पदार्थांच्या कायद्याची अडचणही २०१४च्या दुरुस्तीनं बरीच सैल झाली. पैशाचा आक्षेप खरा आहे, पण केरळनं २००८मध्ये धोरण आखून पंचायती, परिचारिका आणि स्वयंसेवकांच्या बळावर ही सेवा घरोघरी नेली. राहिला प्रश्न ‘शेवटी कोणते उपचार करायचे, हे ठरवायचं कुणी?’ हा. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटच्या काळात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली, २०२३मध्ये प्रक्रिया सोपी केली. ते करायला आता दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतात. प्रवेशाच्या अर्जाबरोबरच हा विषय शांतपणे काढता येईल, आजोबा स्वतः बोलू शकतात तोवर.