आधी सोबत, मग आत्मविश्वास

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींची मुलं, भाचे, पुतण्या आज परदेशात शिकताहेत? मुलाचं तिकीट हातात पडायच्या आधीच आपण विचारतो, "तिथे आपलं कुणी आहे का रे?" मग कुणाच्या तरी नणंदेच्या जावेचा पत्ता निघतो, महाराष्ट्र मंडळाचा नंबर मिळतो आणि पहिल्याच महिन्यात लेकरू गणपतीच्या आरतीला जाऊन पोहोचतं. त्यात आपल्याला काहीच वावगं वाटत नाही. परक्या मुलखात आपलं माणूस हवंच!

पण स्वतःच्याच देशात शिकायला गेलेली आणि तरीही परकी ठरणारी मुलंही असतात. आज मी तुम्हाला सांगणार आहे ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांबद्दल.

ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही अमेरिकेतल्या एका लहानशा विद्यापीठाच्या गावी आलो. त्यातली 17 वर्षं मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात, पुस्तकं देण्याघेण्याच्या काउंटरवर काढली. त्या जागेवरून माणसं फार स्पष्ट दिसतात, बरं का. गोरी मुलं पाच-सहाच्या घोळक्यानं येत. कृष्णवर्णीय मुलं मुळातच मोजकी, आणि येत ती बहुधा एकेकटी. अगदी कोपऱ्यातलं टेबल धरून बसत. दारावरचा माणूस दहा जणांना तसंच आत सोडी आणि अकराव्या, कृष्णवर्णीय मुलीला तेवढं ओळखपत्र विचारी. मोठा अपमान नाही, भांडणही नाही. पण रोज एक टाचणी टोचावी तसं ते होतं.

एक मुलगा माझ्या चांगला लक्षात आहे. इंजिनिअरिंगचा. शाळेत पहिला आलेला, शिष्यवृत्ती मिळवून आलेला. दुसऱ्या वर्षी एके दिवशी सगळी पुस्तकं परत करायला आला, मुदत शिल्लक असताना. मी विचारलं तर म्हणाला, "गणित जमतं हो मला. पण वर्गात कुणी माझ्या शेजारी बसत नाही." तो परत आला नाही.

तुम्ही म्हणाल, असल्या कारणानं का कुणी शिक्षण सोडतं? अभ्यासाला एकट्यानंच तर बसायचं असतं! मलाही कुतूहल होतं. ग्रंथालयातच होते, म्हणून वाचायला लागले आणि युरी ट्रीझमन नावाच्या गणितज्ञाचं काम हाती लागलं.

1970 च्या दशकात हे गृहस्थ कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात होते. तिथे गणितात कृष्णवर्णीय मुलं फार नापास होत. प्राध्यापकांना कारण विचारलं तर उत्तरं तयार: तयारी कच्ची, जिद्द नाही, घरी शिक्षणाचं वातावरण नाही. ट्रीझमन यांनी 20 कृष्णवर्णीय आणि 20 चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि ते प्रत्यक्षात अभ्यास कसा करतात, हे त्यांच्याबरोबर राहून पाहिलं. प्राध्यापकांचं एकही कारण खरं निघालं नाही. कृष्णवर्णीय मुलं हुशार होती, कष्टाळू होती, आईबापांनी पोटाला चिमटा काढून त्यांना पाठवलं होतं. फरक एवढाच होता की ती एकटी अभ्यास करत. चिनी मुलं आधी आपापला अभ्यास करत आणि मग संध्याकाळी जमत. एकत्र जेवत, एकमेकांची गणितं तपासत. एखादं गणित कुणालाच सुटलं नाही, तर ते मुळातच अवघड आहे हे सगळ्यांना कळे. एकट्या बसलेल्या मुलाला मात्र वाटे, आपल्यातच काही कमी आहे.

ट्रीझमन यांनी मग या मुलांसाठी 'कच्च्यांचा वर्ग' काढला नाही. उलट हुशारांचा म्हणून गट काढला, नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली आणि ती मिळून सोडवायला बसवलं. मुलांचे गुण स्पष्टपणे वर गेले.

आपण मुलांना सांगत असतो, "आत्मविश्वास ठेव!" अहो, पण तो ठेवायला आधी यावा कुठून? माझ्या मते आधी सोबत येते आणि तिच्या मागून आत्मविश्वास येतो.

याचा पडताळा मला एका मुलीमुळे आला आणि तोही केसांवरून. तिला पहिल्याच सहामाहीत घरचे वेध लागले होते. आमच्या गावात तिच्यासारखे दाट कुरळे केस विंचरता येणारी एकही केशकर्तनवाली नव्हती. वर वर्गातल्या मुली विचारल्याशिवाय केसांना हात लावून बघत. ती डोक्याला रुमाल बांधूनच येऊ लागली. पुढे तिला वसतिगृहातली शेवटच्या वर्षाची एक मुलगी भेटली. ही मुलगी दर रविवारी खोलीत कंगवा, तेल, दोऱ्याचे गुंडे घेऊन बसे आणि धाकट्या मुलींच्या बारीक बारीक वेण्या घालून देई. एकेका डोक्याला पाच-सहा तास लागत! तेवढा वेळ तोंडं गप्प राहतात होय? कुठले प्राध्यापक समजावून सांगतात, शिष्यवृत्तीचा अर्ज कसा लिहायचा, घरची आठवण आली तर काय करायचं, सगळं तिथे कळायचं. आपल्याकडे आई वेणी घालता घालता जे सांगते ते जन्मभर टिकतं, तसंच ते. पुढच्या सहामाहीत त्याच चौघीजणी माझ्या ग्रंथालयात मधलं मोठं टेबल अडवून बसू लागल्या. मीही ते टेबल त्यांच्यासाठी राखून ठेवी. ती मुलगी पदवी घेऊनच गावाबाहेर पडली.

"पण ही मुलं आपसातच का बसतात? मिसळत का नाहीत?" असं आमच्या मराठी मंडळीतही विचारलं जातं, आणि तेही मंडळाच्या भोजनाच्या पंगतीत! या प्रश्नावर बेव्हर्ली डॅनियल टेटम या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1997 साली अख्खं पुस्तक लिहिलं. पुढे त्या अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजच्या अध्यक्ष झाल्या. हे कॉलेज 1881 साली एका चर्चच्या तळघरात 11 विद्यार्थिनींवर सुरू झालं, कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी. अशा संस्थांत मुलीला "मी इथे कशी?" हा प्रश्न पडत नाही. पण बहुसंख्य कृष्णवर्णीय मुलं इतर विद्यापीठांतच शिकतात. म्हणून 1966 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या राज्य कॉलेजात त्यांनी आपली पहिली विद्यार्थी संघटना काढली. नंतर जागोजागी संघटना झाल्या, हक्काच्या खोल्या मिळाल्या.

आज त्याच खोल्यांवर गदा आली आहे. टेक्सासमधल्या सरकारी विद्यापीठांत अशी कार्यालयं 1 जानेवारी 2024 पासून कायद्यानं बंद झाली. युटा विद्यापीठातलं कृष्णवर्णीयांचं सांस्कृतिक केंद्रही 2024 मध्येच बंद झालं. कायदा करणारे म्हणतात, सरकारनं वर्ण पाहू नये, सगळ्यांना एकच न्याय असावा. ऐकायला बरं वाटतं. पण दारावरचा माणूस वर्ण पाहायचा थांबला आहे का, हेही विचारायला नको? 2023 साली 22 संस्थांमधल्या 26 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा एक अभ्यास झाला. "सुरुवातीला सगळ्यांनाच परकं वाटतं, हळूहळू रुळाल," असा धीर नव्या मुलांना दिला तर ती टिकतात का, हे पाहिलं. टिकतात, पण जिथे आपलंसं वाटायला खरोखर वाव असतो, तिथेच. बी चांगलं असलं तरी माती हवीच की!

तुम्हाला वाटेल, हे सगळं सातासमुद्रापलीकडचं, आपण काय करणार? तर ऐका. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिलं, ते अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. त्याच जोतीरावांच्या पुण्यात आज आफ्रिकेतल्या निरनिराळ्या देशांतून मुलं शिकायला येतात. तुमच्या गल्लीतही असतील. त्यांना खोली देताना आपण का बिचकतो, हे एकदा स्वतःला विचारा. नाव नीट विचारून घ्या आणि तसंच उच्चारा. देश विचारा, कारण आफ्रिका हा एक देश नाही, 54 देश आहेत. केसांना हात लावू नका, पोरांनाही लावू देऊ नका. तुमची मुलगी त्याच कॉलेजात असेल तर तिला सांगा, परीक्षेआधी अभ्यासाला बसाल तेव्हा त्या मुलीलाही हाक मार.

आणि परदेशातल्या लेकाशी बोलाल तेव्हा "जेवलास का?" याच्यापुढे आणखी एक विचारा, "वर्गात एकटं कोण बसतं रे?"

दिवाळीला फराळाचं एक ताट जास्त भरा. चकली तिखट लागली तर पाणी द्या, म्हणजे झालं.