दुकानातली कॉफी

कॉफीचं मला कधी फारसं कौतुक नव्हतं. साताऱ्याला घरी ती व्हायची ती पाहुणे आले की, निव्वळ दुधाची, भरपूर साखर घालून, वर किसलेलं जायफळ. टोकियोत नोकरी लागल्यावरही मी चहाच धरून राहिले. राहायला निशिकासाईत, तिथं आपली माणसं इतकी की चहा मसाल्यासाठी वणवण करावी लागत नाही.

पण टोकियोचा ऑगस्ट चहाचा नाही. तोझाई मेट्रो लाईनच्या गर्दीतून सुटून ऑफिसकडे चालताना अंगातून नुसत्या धारा लागतात. एका सकाळी केवळ एसीसाठी मी सेव्हन-इलेव्हन नावाच्या दुकानात शिरले आणि पुढच्या आजोबांनी केलं तसं केलं. फ्रीजरमधून बर्फाने भरलेला सीलबंद कप काढायचा, काउंटरवर पैसे द्यायचे, वरचं झाकण सोलायचं आणि कप मशीनमध्ये ठेवायचा. आजोबांनी कप आधी बाहेरून चांगला दाबला होता, चिकटलेला बर्फ मोकळा व्हावा म्हणून. मीही दाबला. बटण दाबताच आत बिया भरडल्याचा घर्रकन आवाज झाला आणि गरम, दाट कॉफी बर्फावर उतरू लागली.

पहिला घोट मी सावधपणे घेतला. कडू होती, पण जळकट नव्हती. घोट उतरल्यावर जिभेवर भाजक्या दाण्यांसारखा खमंगपणा मागे राहिला. गोडासाठी पातळ साखरपाकाच्या छोट्या डब्या ठेवलेल्या असतात, कारण थंडात साखर नीट विरघळत नाही. मी एक उचलली होती, ती पर्समध्येच राहिली. किंमत म्हणाल तर तेव्हा आपले साठ-सत्तर रुपये. कॅफेत गुळगुळीत लाकडी टेबलाचे पैसे मोजून मिळते तिच्यापेक्षा ही मला आजही जास्त आवडते, आणि हे मी कॉफीच्या जाणकारांसमोरही बोलून दाखवते.

एवढी चांगली कशी, तर आधीच करून तापत ठेवलेली ती नसते. दर कपाला बिया नव्याने दळल्या जातात, कॉफी कागदाच्या फिल्टरमधून गाळली जाते, आणि गिऱ्हाईक इतकं की बिया शिळ्या व्हायला वेळच मिळत नाही. हे काही एका झटक्यात जमलेलं नाही. १९७४ साली टोकियोतल्या तोयोसूत जपानमधलं पहिलं दुकान उघडलेल्या सेव्हन-इलेव्हनच्या साखळीने १९८० च्या दशकापासून कॉफीचे अनेक प्रयोग करून सोडून दिले होते. २०१३ साली शंभर येनची ‘सेव्हन कॅफे’ आली तेव्हा कुठे गणित बसलं, आणि काही वर्षांत वर्षाचा खप शंभर कोटी कपांवर गेला. सुरुवातीचं मशीन काशिवा सातो या नामांकित डिझायनरचं, दिसायला देखणं. पण बटणांवर इंग्रजी अक्षरं, त्यातून लहान कप कुठला नि मोठा कुठला हे लोकांना उमगेना; मग दुकानदारांनी त्या देखणेपणावर जपानी चिठ्ठ्या चिकटवून टाकल्या. मला त्या चिठ्ठ्यांचं फार प्रेम वाटतं.

आई आली तेव्हा तिलाही घेऊन गेले. दुधाशिवाय ती पिणार नाही म्हणून लाटे घेतला. तिचं लक्ष मात्र चवीपेक्षा आवाजाकडे.

“आत दळतंय का गं?”

“हो, प्रत्येकाला वेगळं.”

“मग बरोबर आहे. दळण डोळ्यांदेखत झालेलं बरं.” गिरणीत डबा ठेवून घरी न जाणारी बाई ती, दुसऱ्याचं पीठ आपल्यात मिसळेल या धास्तीने. तिला त्या मशीनवर लगेच विश्वास बसला. पुढे रोज दुपारी मी ऑफिसात असताना ती एकटी जाऊन यायला लागली, जपानीचा एक शब्द न येता. तिच्याबरोबर सुट्टीच्या दिवशी गेले तेव्हा मशीनपुढे रांग होती. तीन माणसं शिस्तीत उभी, एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून. आई त्यांच्या मागे कप छातीशी धरून उभी राहिली आणि मध्ये कोणी घुसत तर नाही ना, म्हणून दर दोन सेकंदांनी मागे वळून बघत होती.