सांधीतलं पाणी

बारा जानेवारीला आमच्या दुसरबीडवरून सिंदखेडराजाकडे गाड्यांची रीघ लागते. जिजाऊंचा जन्म 1598 चा. लोक राजवाड्यात माथा टेकतात, फोटो काढतात आन् परततात. पुतळा बारवेकडं थोडेच वळतात. मी आधी तिकडंच जातो. शेतकऱ्याला राजवाड्यापेक्षा विहीर जवळची, त्याला काय करणार!

कोरीव पुतळ्यांवरून बारवेला हे नाव पडलं. पण माझी नजर पुतळ्यांवर कमी आन् दगडांच्या सांधीवर जास्त जाते. जुन्या बारवा-विहिरींत पावसाळ्यात मागच्या मातीतला झिरा सांधीतून आत उतरतो. त्यानं विहीर भरते आन् भिंतीमागचा दाबही उतरतो. भिंत चारशे वर्षं उभी राहते ती अशी.

आता दुरुस्ती म्हटली की आधी सिमेंटचं पोतं येतं. आमच्या शिवारातल्या एका जुन्या विहिरीचं हेच झालं, वीसेक वर्षं झाली. ठेकेदारानं गाळ काढला, ते बेस केलं. मंग सगळ्या सांधी सिमेंटनं लिंपल्या. दिसायला चकाचक. दुसऱ्या पावसाळ्यात झिरे अडले, मागची माती पाणी पिऊन फुगली, भिंतीचं पोट पुढं आलं आन् रातच्याला चिरे आत कोसळले. त्या विहिरीवर माझ्या बापानं मोट हाकलेली. ते कोनाला काही बोलले नाहीत. काठावर बसून राहिले, जेवायला बी आले नाहीत.

जिथं सांधी भरायच्याच, तिथं चुना पाहिजे. चुना ओल धरतो, ओल सोडतो. पण तो भिजवा, मळा, मुरू द्या, याला दिवस लागतात, आन् बिलाला मार्चची घाई असते.

घाई केली नाही तर काय हाती लागतं, ते 2024 साली दिसलं. लखुजीराजांच्या समाधीजवळ पुरातत्त्व खात्याचं काम चालू होतं, तर जमिनीखालून जुनं शिवमंदिर आन् शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. तिथं जेसीबी घातला असता तर?

बारवेला हात लावायच्या आधी गावातल्या पाथरवटाला एकदा बोलवा, एवढंच माझं म्हणणं. आमच्या भागात असे हात अजून आहेत. सध्या पाटे-वरवंटे घडवतात.